परसातला टिकी बार: पैसा पाण्याच्या वाटेवर घाला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरामागे मोकळी जागा आहे, चार-पाच माणसं बसतील असा बांबूचा, शाकारलेल्या छपराचा टिकी बार, म्हणजे प्रशांत महासागरातल्या बेटांच्या धाटणीचा बार, बांधायचा आहे. हाताशी एक जुना दरवाजा, माल रचायची सात-आठ लाकडी पॅलेट आणि बेताचीच शिल्लक. सांगाडा बांबूचा करावा की लाकडाचा, छप्पर कसं घालावं आणि कुठे हात आखडता घेतला तर चालेल?

मी बावीस वर्षं सुतारकाम करतोय, त्यातलं निम्मं उघड्यावरचं. आजवर जेवढे कुजलेले बार उघडले, त्या प्रत्येकात पाणी कुठे ना कुठे थांबलेलं सापडलं. खांबाच्या बुडाशी, बांबूच्या उघड्या तोंडात, काउंटरच्या खालच्या कडेला. म्हणून माझा हिशोब साधा आहे. पैशाचे शंभर भाग केले तर साठ भाग छप्पर, पाय आणि नट-बोल्ट-स्क्रू यांत जाऊ द्या. वीस काउंटरच्या फळीवर आणि तिच्या व्हार्निशवर. उरलेल्या वीसात दिवे आणि बांबू. सजावटीला शून्य, आणि हे मी मनापासून सांगतो. पुढे त्यावर बोलतोच.

आधी माप. पैसे कमी असतील तर आकार कमी करा, खांब बारीक करू नका. काउंटरची उंची जमिनीपासून ४२ इंच. स्टुलाची बैठक २८ ते ३० इंच, म्हणजे मांड्यांना वर पुरेशी जागा राहते. माणशी रुंदी २४ इंच. बाहेरच्या बाजूला फळी ८ ते १० इंच पुढे आलेली हवी, नाहीतर गुडघे भिंतीला लागतात आणि कुणी दहा मिनिटांपेक्षा जास्त बसत नाही. आत काम करणाऱ्याला मागे ३० इंच मोकळे, ३६ मिळाले तर उत्तम. आतली कामाची फळी ३६ इंचांवर. पेले भरणं, लिंबं कापणं तिथे होतं.

आता तुमचा दरवाजा. तो अंदाजे ८० इंच लांब आणि ३२ इंच रुंद असेल असं धरतो. आधी बोटाच्या पेरांनी ठोकून पाहा. पोकळ वाजला तर तो काउंटरला निरुपयोगी. आत पुठ्ठ्याची जाळी असते, पहिल्या ओलाव्यात फुगतो. भरीव आणि सपाट असेल तर तो उभा चिरून १६ इंचांच्या दोन पट्ट्या करा. एक अख्खी ८० इंचांची पुढे, दुसरीतले ४८ इंच काटकोनात बाजूला. पुढे तीन, बाजूला दोन, झाली पाच माणसं. दुसरीतला उरलेला ३२ इंचांचा तुकडा आतल्या फळीला. एका दरवाजातून एल आकाराचा पूर्ण बार निघतो आणि काहीही वाया जात नाही. मात्र चिरलेल्या कडा उघड्या सोडायच्या नाहीत. पाऊण इंची लाकडी रीप चिकटवून स्क्रू मारा. पॅनलचा दरवाजा, म्हणजे चौकटीत फळ्या बसवलेला, उभा चिरू नका. मधल्या फळ्यांचा आधारच जातो. तो अख्खाच ठेवा, खाचा भरून घ्या आणि बाजूचं काउंटर पॅलेटच्या फळ्यांचं करा. दरवाजावर फार जुना रंग असेल तर तो कोरडा घासू नका, जुन्या रंगांत शिसं असायचं. पाणी मारून ओला घासा, निघालेला चोथा गोळा करून बाजूला काढा.

पॅलेटच्या बाबतीत एकच खूण पाहायची. बाजूच्या ठोकळ्यावर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह आणि त्याशेजारी काही अक्षरं भाजलेली असतात. त्यात एचटी (HT) असेल तर ते लाकूड तापवून निर्जंतुक केलेलं आहे. गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, निदान ३० मिनिटं. बिनधास्त वापरा. एमबी (MB) असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ते बाजूला ठेवा, जाळूही नका. खूणच नसेल किंवा तेलकट डाग असतील तर खाण्यापिण्याच्या जागी ते लाकूड नको. फळ्या सोडवताना पहारीने उचकटल्या की फाटतात. लोखंड कापायचं पातं लावलेली करवत फळी आणि ठोकळ्याच्या फटीत घालून खिळेच कापून टाका. सात-आठ पॅलेटमधून बारची पुढची भिंत, आतले कप्पे आणि मागची छोटी मांडणी सहज होते.

सांगाडा लाकडाचाच करा. बांबू माझा जीव की प्राण आहे, तरी हेच सांगतो. बांबू वजन उत्तम पेलतो, पण त्याचे सांधे करणं हे स्वतंत्र कसब आहे, आणि उघड्यावर ऊन-पावसात तो उभा चिरतो. चार खांब ४ बाय ४ इंचांचे लाकडी, वर तुळया, कोपऱ्यांत तिरकस आधार. या सगळ्याला बाहेरून बांबूचं कातडं चढवायचं. पाहणाऱ्याला बांबूच दिसतो, आणि पाच वर्षांनी बांबू बदलायची वेळ आली तर छपराला हात लावावा लागत नाही.

खांब जमिनीत गाडू नका. मातीच्या पातळीवर हवा आणि ओलावा एकत्र येतात, तिथेच लाकूड सर्वांत आधी जातं. प्रत्येक खांबाखाली दीड ते दोन फूट खोल काँक्रीटचा ठोकळा, त्यात जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी किंवा खांबाचं बूड बसवायची लोखंडी खोबण, आणि खांबाचं बूड जमिनीपासून दोन इंच वर. काँक्रीटच्या माथ्याला बाहेरच्या बाजूने उतार द्या. खांब उभा करण्याआधी त्याचं तळाचं आडवं तोंड व्हार्निश भरलेल्या डब्यात रात्रभर बुडवून ठेवा. लाकडाच्या नळ्या तिथे उघड्या असतात, स्ट्रॉसारखं पाणी वर ओढतात.

जागा भाड्याची असेल, खणता येत नसेल, तर २० लिटरच्या रंगाच्या रिकाम्या डब्यांत काँक्रीट भरून त्यात पट्ट्या रोवा. असा एक डबा साधारण ४८ किलोंचा होतो. इथे जरा वाऱ्याचा हिशोब करू, कारण चार पायांवरचं छोटं छप्पर म्हणजे उघडी छत्रीच. तुमच्या एल आकारावर साधारण ९ बाय ७ फुटांचं छप्पर लागेल, म्हणजे जवळपास ६ चौरस मीटर. ताशी १०० किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरला सुमारे ४७ किलोंचा दाब देतो. म्हणजे छपराला उचलणारा जोर पावणेतीनशे किलोंच्या घरात. चार डबे मिळून १९० किलो; वर लाकडाचं आणि बारचं वजन धरलं तर जेमतेम बरोबरी होते. म्हणून डबे वापरायचे असतील तर सहा घाला, बारची भिंत खांबांना बोल्टने जोडा म्हणजे तिचंही वजन कामी येईल, आणि वादळाची सूचना आली की छपरावरची शाकारणी उतरवून ठेवता येईल अशीच बांधा. काँक्रीटच्या खोल पायात ही चिंता बरीच कमी होते. खणायच्या आधी जमिनीखालून वीज किंवा पाण्याची वाहिनी जात नाही ना, आणि कुंपणापासून किती अंतर सोडण्याचा नियम आहे, एवढं मात्र विचारून घ्या.

आता छप्पर. नुसत्या गवताचं किंवा झावळ्यांचं छप्पर पाणी अडवतं ते उतारामुळे. प्रत्येक काडी आपल्यावरचा थेंब खालच्या काडीला देते आणि तो असा वळचणीपर्यंत पोचतो. त्यासाठी ४५ अंशांच्या आसपास उतार लागतो. उतार कमी केला की थेंब काडीवरून निसटून आत पडतो, गवत वाळत नाही आणि कुजतं. ४५ अंशांचं छप्पर म्हणजे उंच आढं, जास्त वासे, जास्त लाकूड, जास्त वारा. तुमच्या पैशात ते बसणार नाही, आणि बसवायची गरजही नाही.

त्याऐवजी पन्हळी पत्रा घाला, दहा-बारा अंशांच्या उताराने, पाणी माणसं बसतात त्याच्या उलट बाजूला पडेल असं. पत्रा जुना चालेल, भोकं मात्र नकोत. त्यावर झावळ्यांची किंवा गवताची शाकारणी फक्त शोभेला. पत्रा पाणी सांभाळतो, शाकारणी डोळे आणि कान सांभाळते. हो, कानही. पत्र्यावर पावसाचा जो ताशा वाजतो तो झावळ्यांच्या थराने बराच मऊ होतो. सगळं छप्पर शाकारायची ऐपत नसेल तर पुढची आणि बाजूची वळचण तेवढी शाकारा. बसलेल्या माणसाला तेवढंच दिसतं. काम वळचणीपासून सुरू करून वर चढायचं, प्रत्येक वरच्या थराने खालच्याचा अर्धा-पाऊण भाग झाकला पाहिजे. पत्रा आणि शाकारणीमध्ये रिपा टाकून इंचभर पोकळी ठेवा म्हणजे पावसानंतर ती खालूनही वाळेल. वळचणीखालून उंच माणूस न वाकता जाईल, एवढं पाहा. झावळ्या फूटभर लोंबतात, हे धरून पुढची तुळई साडेसात-आठ फुटांवर ठेवावी.

आगीबद्दल मी कुणाचंच ऐकून घेत नाही. वाळलेली शाकारणी पेटायला एक ठिणगी पुरते आणि पेटल्यावर बादलीने विझत नाही. मशाली लावायच्या असतील तर छपराच्या कडेपासून निदान दहा फूट दूर, जमिनीत घट्ट रोवलेल्या. छपराखाली उघडी ज्योत नको, मेणबत्ती नको, कोळशाची शेगडी नको. अग्निशामक सिलिंडर आतल्या फळीखाली नव्हे, बाहेरून हात पोचेल अशा खांबावर टांगा. आग आतच लागली तर आत जाऊन तो काढता येत नाही.

आता बांबू, ज्यासाठी तुम्ही हे सगळं करताय. माझ्या सुरुवातीच्या एका कामाची गोष्ट सांगतो. बारची पुढची भिंत हिरव्यागार, नुकत्या तोडलेल्या बांबूची केली होती, दिसायला फार देखणी. काही महिन्यांनी मालकिणीने बोलावलं. काउंटरखाली जमिनीवर रोज सकाळी पिवळसर भुकटी पडलेली असायची, बोटांत धरली तर पिठापेक्षा मऊ. बांबूवर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं. एक कांब हातात धरून दाबली तर खडूसारखी तुटली. बांबूत पिठूळ अंश भरपूर असतो, भुंगेऱ्याच्या अळ्या तो खात आतून बोगदे करतात. मी पूर्ण भिंत माझ्या खर्चाने बदलून दिली, आणि तेव्हापासून प्रक्रियेशिवाय एक कांबही लावलेली नाही.

प्रक्रिया महाग नाही, तिला फक्त दिवस लागतात. तीन ते पाच वर्षं वयाचा पक्का बांबू घ्या. कोवळ्या कांबीवर चकाकी आणि पेरांशी पांढरट पूड असते, पक्की कांब मंद रंगाची, ठिपके आलेली आणि ठोकल्यावर खणखणीत वाजते. लांब सळई घालून आतले सगळे पडदे फोडा, नाहीतर द्रावण आतल्या पेरांत शिरत नाही. जमिनीत उथळ चर खणून त्यात जाड प्लॅस्टिक अंथरलं की हौद तयार. १०० लिटर पाण्याला ३ किलो टाकणखार आणि २ किलो बोरिक अ‍ॅसिड. दोन्ही आधी गरम पाण्यात विरघळवून मग हौदात ओता. बांबू तरंगतो, वर दगड ठेवून पूर्ण बुडवा. दहा ते चौदा दिवस. नंतर सावलीत उभा करून वाळवा, उन्हात टाकला तर चिरतो. हातमोजे घाला, आणि उरलेलं द्रावण झाडांच्या बुडाशी ओतू नका, त्यातल्या बोरॉनने झाडं जळतात. ते गाळून पुढच्या खेपेला वापरता येतं. एक लक्षात ठेवा: हा क्षार पाण्यात विरघळतो, त्यामुळे सतत भिजणाऱ्या जागी धुपून जातो. म्हणून बांबू छपराच्या आत लावा आणि बाहेरून व्हार्निश द्या.

भिंतीला अख्खे बांबू लावू नका, अर्धे चिरून लावा. निम्म्या बांबूत काम होतं आणि मागची बाजू पॅलेटच्या फळीला नीट टेकते. कोयता निमुळत्या टोकाला बरोबर मधोमध बसवून मोगरीने ठोका, एक-दोन पेरं गेली की पुढे तो स्वतःच फाटत जातो. एका बाजूला सरकू लागला तर जाड बाजूवर जोर द्या, चीर पुन्हा मध्ये येते. आतले पडद्यांचे अवशेष पटाशीने साफ करा. बांबूत खिळा ठोकायचा नाही, कधीच नाही. स्क्रूपेक्षा किंचित मोठ्या बिटने आधी भोक पाडा, मग स्क्रू हलक्या हाताने आवळा. खालची टोकं जमिनीपासून दोन इंच वर ठेवा.

अख्खे बांबू जिथे लागतील, म्हणजे कोपरे, वरची आडवी कांब, तिथे वरचं टोक पेराच्या लगेच वर कापा. पेराचा पडदा शाबूत राहिला की बांबूला झाकण मिळतं. पडदे फोडून प्रक्रिया केली असेल तर लाकडी गुडदी ठोकून, वर मेण किंवा सिलिकॉन लावून तोंड बंद करा. नाहीतर त्या नळीत पाणी साचतं, डास वाढतात आणि बांबू आतून काळा पडतो. आडवी कांब उभ्या कांबीवर टेकते तिथे उभीच्या माथ्यावर गोल कानशीने माशाच्या तोंडासारखी खाच करा. आडवी कांब तिच्यात बसली की हाताने हलवून पाहा. खुटखुट आवाज आला तर आणखी घासा, आवाज बंद झाला की सांधा जमला. वजन आतून घातलेल्या बोल्टने पेलायचं, काथ्याची दोरी त्यावर गुंडाळायची. दोरीने बोल्ट झाकला जातो आणि सगळं काम हाताने बांधल्यासारखं दिसतं. काथ्या पाण्याला चांगला टिकतो, ताग लवकर कुजतो.

काउंटरच्या फळीवर चकचकीत इपॉक्सी ओतायचा मोह होईल. उन्हात ते पिवळं पडतं आणि त्याला तडा गेला की पाणी खाली अडकतं. जहाजाला लावतात तसलं बाहेरचं व्हार्निश घ्या, चार हात, प्रत्येक दोन हातांमध्ये २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासून. खालची बाजूही रंगवा, एकाच बाजूला व्हार्निश असलेली फळी वाकते. आणि खालून, बाहेरच्या कडेपासून बोटभर आत, पूर्ण लांबीची एक उथळ खाच मारा. सांडलेलं पाणी कडेवरून खाली वळून आत सरकतं, ते त्या खाचेपाशी थांबून गळून पडतं. करवतीच्या दोन फेऱ्यांचं काम, पण बारच्या भिंतीचं आयुष्य त्यावर आहे.

नळ, बेसिन, फ्रिज यांत पैसे घालू नका. दोन झाकणाचे टब, एक स्वच्छ पाण्याचा, एक वापरलेल्या पाण्याचा, आणि बर्फासाठी तोटी असलेली थर्मास पेटी आतल्या फळीत भोक पाडून बसवलेली. वीज न्यायचीच असेल तर ते काम वायरमनकडून करून घ्या आणि ३० मिलीअँपिअरचा गळतीरोधक स्विच लावायला सांगा. कमी पैशात मला १२ व्होल्टच्या माळा पुरेशा वाटतात. प्रकाशाचा रंग २२०० ते २७०० केल्विनचा, पिवळसर. दिवे डोळ्यांसमोर नकोत. काउंटरच्या कडेखाली, मागच्या मांडणीच्या पाठीमागे, वळचणीच्या आत लपवा. प्रकाश खालून बांबूवर पडला की प्रत्येक पेराची सावली वर सरकते आणि जागा एकदम खोल वाटू लागते. दिव्यांच्या तारा भिंत मढवण्याआधी ओढून ठेवा.

सजावटीला शून्य का म्हणालो ते सांगतो. टिकी बारची सुरुवातच सापडलेल्या वस्तूंनी झाली. अर्नेस्ट गँट नावाचा माणूस, ज्याने पुढे डॉन बीच हे नाव घेतलं, त्याने हॉलिवूडमध्ये १९३३ साली छोटीशी जागा उघडली आणि समुद्रावर, प्रवासात गोळा केलेल्या वस्तूंनी ती सजवली. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रशांत महासागरातून परतलेले सैनिक त्या बेटांच्या आठवणी घेऊन आले, आणि १९५० च्या दशकात अमेरिकेत घरोघरी परसात, तळघरात असे बार उभे राहिले. त्यांतले कितीतरी घरच्या माणसांनीच बांधलेले. एका दिवसात पेटीभर प्लॅस्टिकचे मुखवटे आणून लावले की जागा दुकानासारखी दिसते. फाटकं मासेमारीचं जाळं, काचेचे तरंगते गोळे, वाहून आलेलं लाकूड, जुनी दोरी, शिंपले, हे महिन्यामहिन्याने येऊ द्या. भिंतीला चटई लावा. हवाईत लाउहाला म्हणतात ती चटई केवड्याच्याच कुळातल्या झाडाच्या पानांची विणतात. तशी कुठलीही जाड पानांची चटई शोभते.

टिकीच्या कोरीव मूर्तीबद्दल मात्र थोडं जपून. न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, माओरींच्या परंपरेत टिकी हा पहिला माणूस आहे, प्रशांत महासागरातल्या मार्केसस बेटांवर त्या आकृती पूर्वजांच्या आणि देवांच्या आहेत. आजही त्या लोकांसाठी त्या तशाच आहेत. स्टुलाचा पाय, पायपुसणं किंवा राखदाणी म्हणून तो चेहरा वापरू नका. स्वतः कोरायची हौस असेल तर माडाच्या किंवा दुसऱ्या ताडवर्गीय झाडाचा ओला ओंडका घ्या, डोळ्यांच्या उंचीवर उभा करा, आणि पाठीमागून माथ्यापासून बुडापर्यंत करवतीने एक खोल चीर पाडून ठेवा. वाळताना लाकूड तिथे उघडतं आणि चेहरा बराच वाचतो.

कामाचा क्रम: जमिनीला बाहेरच्या बाजूने उतार आणि चार इंच खडी, मग पाय, खांब, पत्रा, मग बाकी सगळं पत्र्याच्या सावलीत. खांब उभे करताना ओळंबा आणि गुण्या हातातून खाली ठेवू नका, तिथे झालेली पाव इंचाची चूक काउंटरवर इंचाची होते.

पत्रा बसला, भिंतीच्या फळ्या लागल्या, काउंटर टेकवून झालं, पण बांबू आणि शाकारणी अजून लागलेली नाही, अशा वेळी बागेचा पाइप घ्या. छपरावर वीस मिनिटं पाणी सोडा, नंतर बाजूने, वाऱ्याच्या पावसासारखं तिरपं मारा, शेवटी काउंटरवर दोन तांबे ओता. मग आत वाकून खडूने खुणा करत जा: कुठे थेंब लोंबतोय, कुठल्या सांध्यात ओल दिसतेय, खांबाच्या बुडाशी डबकं राहिलंय का. तासाभराने पुन्हा या. खुणा केलेल्यांपैकी ज्या जागा तोवर वाळल्या नाहीत, त्या आधी दुरुस्त करा. बांबू त्यानंतर चढवायचा.